अब्बांचा रकाना

"कळतंय की सरळ, मॅडम. तिला भुयारी मार्ग बंद व्हायला नकोय," संपत म्हणाला आणि त्याने पेन्सिलचं टोक पहिल्या पर्यायावर आपटलं.

मी प्रश्न पुन्हा वाचायला घेतला. तो मला पाठ होता, पण टेबलाखाली फोन थरथरत होता आणि तो बघायचा धीर होत नव्हता. प्रश्न साधा होता. अनंत म्हणतो, चौकातला भुयारी मार्ग बंद करून टाका, तो कुणी वापरतच नाही. विद्या म्हणते, असं काही नाही, शाळेची मुलं रोज सकाळी त्यातूनच जातात. या दोघांत नेमका मतभेद कशाबद्दल आहे? संपतचं म्हणणं, मार्ग बंद करण्याबद्दल. बरोबर उत्तर होतं, तो कुणी वापरतं की नाही याबद्दल.

"बंद करू नका, असं विद्या म्हणाली आहे का?" मी विचारलं.

"म्हणाली न्हाई. पण तसंच हाय ना ते."

"कशावरून? उद्या ती म्हणेल, मुलं त्यातून जातात आणि घसरून पडतात, म्हणूनच बंद करा. मग?"

संपतने कान खाजवला. तो खडकवासल्याच्या अलीकडच्या एका गावातून बसने येतो. वय तिशीच्या पुढे. भावकीच्या एका खटल्यात वकिलांनी त्याला इतकं फिरवलं की त्यापेक्षा आपणच वकील व्हावं असं त्याने ठरवून टाकलं. माणूस हुशार आहे, फक्त दुसऱ्याच्या तोंडात आपले शब्द घालायची खोड आहे. ही खोड कोर्टात उपयोगी पडत असेल, प्रवेशपरीक्षेत नाही.

आमच्या क्लासमध्ये कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करून घेतात. जागा नारायण पेठेत, पुस्तकांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. वर्गात शिकवायला मोठे सर आहेत. वर्गात जे कळत नाही ते घेऊन मुलं खाली जिन्याजवळच्या टेबलाशी येतात, तिथे मी बसते. टेबलावर पाटी आहे, 'डाउट काउंटर'. लोकांच्या शंका फेडता फेडता संसार करणाऱ्या बाया पुण्यात पुष्कळ असतील, पण तशी पाटी लावून बसलेली बहुधा मीच.

मतभेदाच्या प्रश्नाला माझी एक रीत आहे. कागदावर दोन रकाने आखायचे, दोघांचे दोन. मग एकेक पर्याय घ्यायचा आणि दोघांना मनातल्या मनात विचारायचं, हे तुला मान्य आहे का? त्याच्या बोलण्यातून हो निघालं तर हो लिहायचं, नाही निघालं तर नाही. आणि त्याबद्दल तो काही बोललाच नसेल तर 'माहीत नाही' लिहायचं. एका रकान्यात हो आणि दुसऱ्यात नाही आलं की तोच मुद्दा. मुलं चुकतात ती 'माहीत नाही'पाशी. ते लिहायला त्यांचा हातच धजत नाही. समोरचा गप्प असला की त्याच्या गप्प बसण्यात आपल्या मनातलं काहीतरी भरून टाकतात, आणि वर म्हणतात, कळतंय की सरळ.

संपत रकाने आखायला लागला तसा मी फोन वर घेतला. दोन निरोप होते. एक माझ्या नवऱ्याचा, मन्सूरचा: मैनूला सांग, मी सही करणार नाही. दुसरा माझ्या दिराचा, मैनुद्दीनचा: भाभी, भाईजानना सांगा, चारच्या आत डॉक्टरांना कळवायचंय.

दोघे भाऊ एकाच हॉस्पिटलात, एकाच मजल्यावर बसलेले होते. बाकं दोन, तोंडं दोन दिशांना, आणि एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे जाणारा रस्ता नारायण पेठेतून, माझ्या टेबलाखालून. इतर वेळी मला हसू आलं असतं. त्या दिवशी आलं नाही.

आत वॉर्डात माझे सासरे होते. जब्बारभाई सायकलवाले म्हटलं की मंडईमागच्या गल्ल्यांतली जुनी माणसं अजून ओळख पटल्यासारखी मान हलवतात. पुण्यात सायकली होत्या तेव्हा त्यांचं दुकान होतं, आणि सायकली गेल्या तरी दुकान राहिलं. आयुष्यभर लोकांच्या टायरमधले खिळे काढले त्यांनी. आणि एक दिवस त्यांच्याच चपलेतून खिळा वर आला आणि साखरेने बधिर झालेल्या पायाला त्याचा पत्ताही लागला नाही. लागला तेव्हा अंगठा काळा पडला होता. आता तो काळेपणा घोट्याकडे सरकत होता.

डॉक्टरांनी सकाळी आम्हा तिघांना बाहेर बोलावून सांगितलं होतं. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. उद्या सकाळी काढला तर गुडघा वाचेल आणि माणूसही वाचेल. उशीर केला तर दोन्हींची खात्री देत नाही. उद्याच्या यादीत नाव घालायचं तर आज चारच्या आत कळवा. पेशंटला नीट कल्पना द्या, त्यांची सही घ्या, आणि घरच्या एका माणसाची.

मी क्लासला आले होते ती इलाज नव्हता म्हणून. दुसऱ्या दिवशी मुलांची परीक्षा. मोठ्या सरांना रजा मागितली तर ते म्हणाले, आज काउंटर बंद ठेवायचं म्हणजे लग्नाच्या दिवशी भटजींनी सुट्टी घेण्यासारखं आहे, दुपारपर्यंत तरी बसा. म्हणून बसले. म्हणजे देह बसला होता.

अब्बा माझे कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज सुटणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, मीसुद्धा. एका सकाळी अब्बांनी दुकानातली एक लेडीज सायकल पुसून दारात उभी केली आणि मला विचारलं, पुढे शिकायचंय का? तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. मी मान हलवली. मग चालवता येते का, विचारलं. नाही म्हटल्यावर ते सायकल मागून धरून गल्लीभर पळाले. सासरा सुनेची सायकल धरून पळतोय हे बघायला सगळ्या खिडक्या उघडल्या. अब्बांनी वर बघितलंसुद्धा नाही. दुरुस्त केलेली प्रत्येक सायकल ते स्वतः तपासायचे, आणि कधी सीटवर बसायचे नाहीत. डावा पाय पेडलवर ठेवायचा आणि उजव्याने रस्ता मागे ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं. तो हा उजवा पाय.

आणि आता त्याच्यावरून दोघे भाऊ भांडत होते. आमच्या घरात लाडाचं बोलणं दखनीत चालतं आणि भांडण मराठीत. सकाळपासून घर मराठीत होतं. मैनुद्दीन म्हणत होता, उद्याच करून टाकू. मन्सूर म्हणत होता, उद्या नको, थोडं थांबू, कोंढव्याला कुणी एक जण औषधाच्या पट्ट्या बांधतो म्हणतात. एका गोष्टीवर मात्र दोघांचं चटकन जमलं होतं. अब्बांना सांगायचं नाही. जखम साफ करायची आहे एवढंच सांगून त्यांची सही घ्यायची. शुद्धीवर आल्यावर त्यांना कळेलच. आधी कळलं तर ते खचतील.

ते ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच येत होतं. रात्री दोन पाय घेऊन झोपलेला माणूस, आणि जाग येईल तेव्हा चादर एका बाजूला सपाट. हे त्यांच्या मुलांनी ठरवलेलं, चांगल्या मनाने. आणि मी सून. मी सकाळी एवढंच म्हणाले होते की विचारून बघू या का, तर मन्सूर म्हणाला, तू यात पडू नकोस.

"मॅडम," संपतने कागद माझ्याकडे सरकवला. त्याने विद्याच्या रकान्यात, पहिल्या पर्यायापुढे, 'माहीत नाही' असं लिहिलं होतं. अक्षर बारीक होतं, नाखुशीचं. "पण मॅडम, एवढं कशाला? तिलाच विचारायचं ना, बंद करायचं का न्हाई म्हणून."

"कागदावरच्या बाईला कसं विचारणार?"

"कागदावरच्या न्हाई हो. खरी असती तर म्हणतोय मी. खरी असती तर विचारलंच असतं की कुणीबी."

मी त्याचा कागद उलटा केला. का केला ते कळायच्या आत मी दोन रकाने आखले होते. एकावर मन्सूर लिहिलं, दुसऱ्यावर मैनू. पाय काढावा लागेल: मैनू हो. मन्सूर? मन्सूर 'थांबू' म्हणाला होता. पाय वाचेल असं तो एकदाही म्हणाला नव्हता. मी सकाळपासून धरून चालले होते की त्याला पाय काढायला नको आहे. माहीत नाही, असं लिहिलं. अब्बांना सहन होणार नाही: दोघेही हो. अब्बांना सांगू नये: दोघेही हो. आता काही उरलंच नाही असं वाटलं, आणि तेवढ्यात फोनवरचे दोन निरोप आठवले. सही मन्सूरने करावी: मैनू हो, कारण मन्सूर थोरला. मन्सूर नाही.

एवढाच मुद्दा होता. सकाळपासून डॉक्टर, औषध, पट्ट्या, कोंढवा, सगळं बोलून झालं होतं आणि भांडण एवढ्यावर होतं, की बापाचा पाय कापायला हो कुणी म्हणायचं.

मग मी शेजारी तिसरा रकाना आखला आणि वर अब्बा लिहिलं. चारही ओळींपुढे एकच उत्तर येत होतं, माहीत नाही. त्यांना सहन होणार नाही, हेसुद्धा ते स्वतः म्हणाले नव्हते. आणि त्यांना सांगायला हवं, असं जे मला सकाळपासून वाटत होतं तेही त्यांनी मला सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या रकान्यात मीही माझंच भरत होते.

मी पर्स उचलली. संपत म्हणाला, काउंटर मी बघतो. त्याच्या हाती सापडणाऱ्या मुलांची मला काळजी वाटली, पण थांबायला वेळ नव्हता. मोठे सर जिन्यापाशी भेटले. मी सासऱ्यांचं सांगितलं, ते घड्याळाकडे बघत म्हणाले की अर्थात, अर्थात.

लक्ष्मी रोडला स्कूटर अडकली. पुढे टेम्पो, मागे रिक्षा, आणि फोन पर्समध्ये वाजतोय. तो वाजणं थांबला तेव्हा मला जास्त भीती वाटली. सही झाली असणार. मैनुद्दीन घाईचा आहे. त्याने कागद पुढे केला असणार, अब्बांनी चष्मा मागितला असणार, चष्मा घरी राहिलाय म्हणून कुणीतरी बोटाने जागा दाखवली असणार. मुलाने दाखवलेल्या जागी बाप सही करतोच. सिग्नल सुटला तेव्हा मी इतक्या जोरात निघाले की मागचा काहीतरी ओरडला, आणि पुण्यात मागचा ओरडतो ते काही आशीर्वाद द्यायला नाही.

वर पोचले तर मैनुद्दीन वॉर्डाच्या दाराशी होता. हातात कागद, खिशाला पेन. मन्सूर टोकाच्या बाकावर गुडघ्यांत डोकं घालून.

"झाली का सही?" मी विचारलं.

"चाललोय घ्यायला. आधी अब्बांची घेतो, मग आमची मी करतो. भाईजान नाहीच म्हणतायत. घरात एकाला तरी वाईट व्हायलाच हवं ना, भाभी."

मी त्याचा दंड धरला आणि त्याला मन्सूरच्या बाकापर्यंत घेऊन गेले. दिराचा दंड मी त्याआधी कधी धरला नव्हता. तोही गोंधळला. मी मन्सूरला विचारलं की थांबलो तर पाय राहील असं त्याला वाटतं का. त्याने मान वर केली नाही. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, नाही.

"मग कोंढव्याचं काय?" मैनुद्दीन म्हणाला. "सकाळपासून कोंढवा, कोंढवा चाललंय."

"मला माहितेय काढावा लागणार आहे," मन्सूर म्हणाला. "पण सही मी केली, तर तो मी कापला. डॉक्टर विसरून जाईल. अब्बा रोज खाली बघतील आणि मग माझ्याकडे बघतील."

"आणि मी केली तर? माझ्याकडे नाही बघणार? मी काय शेजारचा आहे?"

वेगळ्या बाकांवर बसल्यापासून पहिल्यांदा ते एकमेकांशी बोलले होते, आणि आता दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं. कात्रजच्या डेअरीत पहाटेची पाळी करून थेट इथे आलेला माझा नवरा, दाढी वाढलेली, डोळे लाल. मला त्याचा राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही.

मी म्हणाले, अब्बांना विचारते. मन्सूर लगेच उठला. विचारायचं काय त्यात, ते खचतील. कशावरून, मी विचारलं.

"कळतंच की ते."

हे वाक्य मी त्या दिवशी दुसऱ्यांदा ऐकत होते. मी वॉर्डात गेले. त्याने मला हाक मारली, पण अडवलं नाही.

अब्बांच्या शेजारची खाट रिकामी झाली होती आणि वॉर्डातल्या बायडाबाई तिची चादर बदलत होत्या. अब्बांचे डोळे मिटलेले होते. उजवा पाय पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर ठेवलेला. मी स्टूल ओढून बसले. इतका वेळ जुळवत आणलेली सगळी वाक्यं डोक्यातून गेली.

"अब्बा, एक विचारायचं होतं."

"पायाचं का?" ते म्हणाले. डोळे मिटलेलेच.

मी घाबरून दाराकडे बघितलं. दोघे भाऊ दारात होते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पायाला आता काही कळत नाही, बेटी. पण नाक अजून शाबूत आहे."

मग ते हळूहळू बोलत राहिले. पट्टी सोडली की वास येतो, आणि नर्स श्वास धरते ते दिसतं. डॉक्टर बोट कुठवर नेतात तेही दिसतं. मुलं बाहेर तोंड पाडून बसतात आणि आत येताना हसत येतात, म्हणजे काय ते कळायला शाळा शिकावी लागत नाही. पण मुलं हसत येतात, तर त्यांना हसू द्यावं, म्हणून आपण विचारलं नाही, असं ते म्हणाले. म्हणजे अब्बा गप्प होते ते माहीत नव्हतं म्हणून नाही. हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही रकान्यात नव्हतं.

मी सरळ सांगितलं. गुडघ्याखाली, उद्या सकाळी, आणि थांबलं तर काय होईल ते. आणि म्हणाले, हो की नाही, तुम्ही सांगा.

ते काही बोलेनात. मला तो वेळ सहन होईना. त्यांच्या वतीने कितीतरी उत्तरं माझ्या जिभेवर येऊन गेली: काळजी करू नका, नवीन पाय बसवतात हल्ली, आम्ही आहोत ना. मी दातांत जीभ धरून बसले.

"काढल्यावर तो जातो कुठं?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. बायडाबाईंना कळला. त्या चादरीची घडी करता करता म्हणाल्या, "त्ये पिवळ्या पिशवीत जातंय, बाबा. रोजची गाडी येती, समद्यांचंच घिऊन जाती."

अब्बांनी डोळे उघडले आणि मान हलवली. नाही, असं म्हणाले. पिशवी नाही. आमच्यात शरीराचा तुकडा असा टाकत नाहीत, त्यालाही माती देतात, हे मला माहीत होतं. पण सकाळपासून पाय काढावा की काढू नये यातच आम्ही इतके गुंतलो होतो की पुढचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अब्बांना गुंगी देऊन, जखम साफ करतोय म्हणून नेलं असतं, तर त्यांना जाग यायच्या आत ती गाडी निघून गेली असती.

"सिताराच्या पायाशी जागा आहे," ते म्हणाले. सितारा म्हणजे माझी वारलेली सासू. "तिथे ठेवायला सांग. ती म्हणायची, मी गेल्यावर लगेच मागे येऊ नका. हप्त्याहप्त्याने येतोय म्हणावं."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. अब्बाही हसले. मग त्यांचा चेहरा वाकडा झाला, आणि त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला अजून जुन्या वंगणाच्या काळ्या रेघा होत्या, त्या कधी निघाल्याच नाहीत.

"भीती वाटते गं," ते म्हणाले. "पण हो म्हण."

दारातून मन्सूर आत आला आणि पलंगाच्या कडेला बसला. मैनुद्दीनने हातातला कागद पाठीमागे लपवला होता, लहान मूल लपवतं तसा. अब्बांनी हात पुढे केला. आण इकडे, म्हणाले. चष्मा घरीच होता. मी सगळा मजकूर त्यांना वाचून दाखवला, एकही ओळ न गाळता, आणि त्यांनी सावकाश सही केली, 'जब्बार'वरची रेघ शेवटपर्यंत ओढून.

डॉक्टर आले तेव्हा चार वाजत होते. त्यांनी विचारलं, पेशंटला कल्पना दिलीत ना, आणि अब्बाच म्हणाले, दिली. मग डॉक्टर म्हणाले, घरच्यांपैकी कोण? दोघे भाऊ एकदम पुढे झाले. सकाळपासून मागे सरणारे ते दोघे, आता 'मी करतो, मी करतो' म्हणायला लागले.

"मेहरुन करेल," अब्बा म्हणाले. "तिनं विचारलं ना. विचारणाऱ्यानं सही करावी."

मी पेन घेतलं. सकाळपासून मनातल्या मनात मी या दोघांना भित्रे म्हणत होते. पेन कागदावर टेकलं आणि माझा हात चालेना. खाली माझं नाव येणार होतं, आणि वर छापलेलं होतं की पाय काढायला माझी संमती आहे. गल्लीतून माझी सायकल धरून पळणारा पाय. मन्सूर काय म्हणत होता ते मला तेव्हा कळलं, रकान्यांनी कळलं नव्हतं. सही केली. अक्षर माझं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आत गेले, आणि त्याच वेळी तिकडे मुलांची परीक्षा सुरू झाली. मला ती आठवलीही नाही. हॉस्पिटलला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवलं होतं. दुपारच्या आधी त्यांनी आमच्या हातात एक गाठोडं दिलं, पांढऱ्या कापडात बांधलेलं. मन्सूरने ते घेतलं आणि तिथेच उभा राहिला. मग मैनुद्दीनने त्याच्या हातून घेतलं. दोघे एकाच स्कूटरवर कब्रस्तानात गेले, मन्सूर चालवायला आणि मैनुद्दीन मागे, मांडीवर ते घेऊन. परत आले तेव्हा नखांत माती होती. तिथेही भांडले म्हणे, खड्डा किती खोल हवा यावरून. पण समोरासमोर भांडले, आणि शेवटी दोघांनी मिळून खणला.

अब्बा शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी आधी खाली बघितलं, मग मुलांच्या हातांकडे बघितलं. नखं बघून त्यांनी डोळे मिटले. धुऊन या, एवढंच म्हणाले.

संपतचा निरोप रात्री वाचला. मतभेदाचा प्रश्न आला होता आणि त्याने 'माहीत नाही' लिहून बरोबर मुद्दा काढला, असं त्याचं म्हणणं होतं. बाकीच्या पेपरबद्दल तो काही बोलला नव्हता, आणि मीही काही धरून चालले नाही.

काही दिवसांनी, जखम सुकत आल्यावर, अब्बांनी नमाजाच्या आधी हातपाय धुवायला पाणी मागितलं. इतके दिवस ते नुसते डोळे मिटून पडायचे. मन्सूरने खाली घमेलं धरलं, मैनुद्दीनने पाठीला हात दिला, मी तांब्याने पाणी घालायला लागले. हात धुतले, चूळ भरली, चेहरा धुतला. कोपरापर्यंत आधी उजवा हात, मग डावा. ओला तळवा डोक्यावरून फिरवला. मग पाय. त्यात उजवा आधी असतो. आयुष्यभर आधीच असतो. त्यांचा ओला हात सवयीने खाली गेला आणि चादर जिथे सपाट होती तिथे थांबला. चादरीवर पाच बोटांचा ओला डाग उमटला.

मन्सूरने भिंतीकडे बघितलं. माझ्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. मी तांब्या धरून थांबले.

"उजव्याचं झालं," अब्बा म्हणाले, आणि डावा पाय त्यांनी घमेल्यावर पुढे केला. "याच्यावर घाल."

मी पाणी घातलं.